आठ तारा आणि एक अडकणारं दार

टॉयलेटचं दार अडकायला लागलं तेव्हा मी रंधा आणला. जवळजवळ पन्नास वर्षांची बोट, त्यात इंग्लंडची हवा, लाकूड फुगणारच. वरची कड दोन मिलिमीटर तासली, दार मोकळं झालं. पुढच्या वसंतात ते पुन्हा अडकलं, मी पुन्हा तासलं. दाराचं हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे.

बोट म्हणजे वेस्टर्ली सेंटॉर. सव्वीस फुटी, फायबरग्लासची, १९७४ साली बांधलेली. १९६९ ते १९८० या काळात या जातीच्या दोन हजारांवर बोटी निघाल्या, त्यामुळे ब्रिटनच्या कुठल्याही खाडीत डोकावलात तर एखादी सापडतेच. आपल्याकडे एकेकाळी रस्तोरस्ती फियाट दिसायची, तसं. पोटाखाली एक खोल कणा असायच्या ऐवजी हिला शेजारी शेजारी दोन बुटके कणे आहेत. ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलात आपल्या दोन पायांवर सरळ उभी राहते. केंटमध्ये मेडवे नदीच्या मुखाशी, जिथे उधाणाच्या दिवसांत पाणी पाचेक मीटर चढतं आणि उतरतं, तिथे हा मोठाच गुण. २०१९ मध्ये मी ती एका निवृत्त शिक्षकाकडून घेतली. नवऱ्याला बोट लागते, त्यामुळे तो धक्क्यावरून हात हलवतो. बोटीवर मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक.

सेंटॉरची डोलकाठी बोटीच्या पोटात रोवलेली नसते. ती केबिनच्या छपरावर एका धातूच्या बेचक्यात नुसती ठेवलेली असते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घाम फुटला होता. नऊ-साडेनऊ मीटरचा ॲल्युमिनियमचा खांब छपरावर ठेवलाय, आणि तो उभा राहतो केवळ आठ तारांच्या जिवावर. एक पुढे नाळेकडे, तो फोरस्टे. एक मागे, तो बॅकस्टे. टोकापासून स्प्रेडरच्या आडव्या दांड्यांवरून दोन्ही बाजूंना उतरणारे दोन कॅप श्राउड, आणि मधल्या उंचीवरून खाली येणाऱ्या चार आखूड तारा, त्यांना लोअर म्हणतात. यातली एखादी ऐन वाऱ्यात तुटली तर बाकीच्या सात काही करू शकत नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत विमा कंपनीचं पत्र आलं. रिगिंग, म्हणजे डोलकाठीच्या या तारा, किती वर्षांची आहे? आधीच्या मालकाच्या फायलीत पावती होती, २००६ ची. म्हणजे सतरा वर्षं. कंपनीने कळवलं की दहा वर्षांपलीकडच्या तारांवरची डोलकाठी पडली तर भरपाई विसरा. रागच आला. तारा चकचकीत होत्या. दर मोसमात मी त्या गोड्या पाण्याने धूत होते, तारा ताणून धरणारे खालचे बॉटलस्क्रू दोन-दोन फेरे आवळत होते.

आमच्या बोटींच्या यार्डात शेजारच्या बोटीवर एक म्हातारबुवा असतात. १९८४ मध्ये चॅटमची नौदलाची गोदी बंद झाली तेव्हा ते तिथे कामाला होते. त्यांना पत्र दाखवलं, तर त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढून हातात ठेवला. म्हणाले, "तारेवरून फिरव. खालून वर, चारही बाजूंनी. आणि चष्मा लाव."

सात तारांवरून बोळा सुळकन गेला. आठवीवर, डाव्या हाताच्या मागच्या लोअरवर, अगदी खाली जिथे तार स्टीलच्या नळीत शिरते तिथे, कापसाचा एक धागा अडकून राहिला. भिंगाखाली पाहिलं तर एक सुतार, म्हणजे तारेतली एक बारीक काडी, तुटून केसासारखी बाहेर आलेली. या तारेत एकोणीस सुतारा असतात: मधे एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एकोणीसपैकी एक गेली, बिघडलं काय, असं मी म्हटलं. बुवा म्हणाले, बाहेरची एक दिसली म्हणजे आतल्या किती गेल्यात हे सांगायला कुणी नाही.

त्यामागचं कारण असं. तारेच्या टोकावर स्टीलची नळी प्रचंड दाबाने चेपून बसवतात. खालच्या टोकाला ही नळी उघड्या तोंडाच्या पेल्यासारखी उभी असते. पावसाचं आणि लाटांचं पाणी सुतारांच्या फटींतून त्यात उतरतं आणि मीठ मागे ठेवून वाळतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावर एक बारीक पापुद्रा असतो म्हणून, आणि तो पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. नळीच्या आत तो पोचत नाही. मग धातू आतल्या आत कुरतडला जातो आणि बाहेरची तार आरशासारखी लखलखत राहते. मी धूत होते ते नेमकं जिथे धुवायची गरज नव्हती तिथे. दुसऱ्या दोन नळ्यांवर उभ्या बारीक चिरा दिसल्या. एकच बदलायची की आठही, हा प्रश्न तिथे मिटला.

देवगडला मामांना फोन केला. मामांनी लहानपणी शिडाच्या गलबतावर काम केलंय, त्यामुळे माझ्या बोटीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त रस.

"तुटली काय गो तार?"

"नाही मामा, पण तुटेल म्हणून बदलतेय."

"तुटूक नाय तर बदलतंस कित्याक?" मग स्वतःच हसले. त्यांच्या वेळी तारा नव्हत्याच. काथ्याचा जाड दोर, तोही पक्का बांधलेला नाही. वाऱ्याच्या अंगाला बांधायचा, आणि बोट वळवून वारा दुसऱ्या कुशीवर घेतला की दोर सोडायचा, परबान, म्हणजे शिडाची आडवी काठी, फिरवायची, दोर पलीकडे नेऊन बांधायचा. दर वळणाला हा उद्योग. "म्हणान आमका दोर कसो आसा ता रोज कळायचा," मामा म्हणाले. रोज हातातून जाणारी वस्तू. माझ्या तारांना मी सतरा वर्षं, म्हणजे माझी चार आणि गुरुजींची तेरा, फक्त फडकं लावलं होतं.

मार्चच्या एका शनिवारी यार्डाच्या क्रेनने डोलकाठी उतरवली. आधी लाइट आणि रेडिओच्या वायरी सोडवल्या, शीड आणि त्याच्या खालची आडवी दांडी, म्हणजे बूम, काढून ठेवली, क्रेनचा पट्टा स्प्रेडरच्या खाली घेतला आणि मग एकेक पिन. उतरवायला वीस मिनिटं लागली. आदले दोन दिवस गेले होते या पिना अडवून धरणाऱ्या बारीक स्प्लिट पिना सोडवण्यात, कारण कुणीतरी त्यांची टोकं उलटी गोल वळवून ठेवली होती. पिनेचे पाय थोडेसे फाकवले तरी ती निसटत नाही. पूर्ण वळवली तर पुढच्या माणसाच्या बोटांतून रक्त निघतं.

प्रत्येक तारेला मी मास्किंग टेप लावून मार्करने नाव लिहिलं होतं, तारा गुंडाळून उघड्यावर ठेवल्या होत्या. रविवारी पाऊस आला. सोमवारी संध्याकाळी आठ गुंडाळ्या आणि आठ कोरे टेप. फोरस्टे, बॅकस्टे, कॅप लांबीवरून ओळखता येतात. चार लोअरमध्ये पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यात तीनेक सेंटिमीटरचाच फरक असतो. कुठली पुढची? अर्धा तास डोकं धरून बसले. मग लेक म्हणाली, "आई, तुटलेली कुठली होती?" डाव्या हाताची, मागची. ती सुतार शोधली, तिच्याच लांबीची दुसरी काढली, मागची जोडी सापडली. पुढच्या वेळी पत्र्याचे बिल्ले ठोकणार आहे.

डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली की तिच्या टोकाशी पहिल्यांदाच नजर भिडते. वरच्या कप्प्या ठीक होत्या. लोअर जिथे जोडतात तो आरपार बोल्ट मात्र हलेना. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात, मधे खारट पाणी, म्हणजे बॅटरीच. पांढरी भुकटी साचून दोन्ही एकजीव झाले होते. तेल, हीट गन, हळुवार हातोडी, पुन्हा तेल. चौथ्या दिवशी बोल्ट कुरकुरत निघाला. परत बसवताना दोन धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे पिवळी पेस्ट भरली, जी आधी कुणीतरी भरायला हवी होती.

पण खरं प्रकरण डोलकाठीत नव्हतंच.

उतरवलेले बॉटलस्क्रू मी बाकावर ओळीने मांडले आणि बुवा चहाचा मग घेऊन आले. त्यांनी एक उचलला, आत पाहिलं, दुसरा उचलला. बॉटलस्क्रूमध्ये वरून आणि खालून दोन स्क्रू येतात, आवळले की एकमेकांच्या जवळ सरकतात. माझ्या सहा बॉटलस्क्रूंमध्ये ते जवळजवळ टेकले होते.

"दरवर्षी आवळतेस?"

"हो. हिवाळ्यानंतर सैल पडतात. तारा ताणल्या जात असतील."

"नवी तार थोडी बसते, पहिल्या मोसमात. सतरा वर्षांची तार दरवर्षी लांब होत नाही." ते बोटीकडे बघत होते. "आत कुठलं दार अडकतं का गं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला आधी कंबर वाकवून दाखवा म्हणणं हा माझा रोजचा धंदा. त्या क्षणी मला माझा रंधा आठवला.

छपरावर एक सरळ पट्टी आडवी ठेवली. डोलकाठीचं बेचकं जिथे होतं तिथे छप्पर खोलगट झालं होतं. पट्टीखाली लेकीची करंगळी गेली. वरचा सगळा भार ज्या लाकडी खांबावरून बोटीच्या तळापर्यंत जातो तो खांब टॉयलेटच्या दाराला खेटून आहे. केबिनमधल्या फळ्या काढून त्याच्या पायथ्याशी टॉर्च मारला. खांब टणक. तो ज्या लाकडी ठोकळ्यावर उभा होता, तो बोटीच्या तळातल्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजून भिजून खजुराच्या केकसारखा झाला होता. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत.

मग हिशोब लागला. तार आवळली की डोलकाठी ताठ होते, हे सगळ्यांना दिसतं. पण आवळलेली प्रत्येक तार डोलकाठीला खालीही ओढते. पाच मिलिमीटरची तार साधारण दोन टनांच्या आसपास तुटते. कॅपना त्याच्या पंधरा टक्के ताण दिला तर दोन तारांचे मिळून सहाशे किलो, त्यात फोरस्टे, बॅकस्टे आणि लोअर धरले की बोट धक्क्याला नुसती उभी असतानाही पायथ्यावर टनाच्या वर भार. ठोकळा दबत होता, छप्पर खाली येत होतं, तारा सैल पडत होत्या. मी त्या आवळत होते, म्हणजे स्वतःच्या हाताने छप्पर आणखी खाली दाबत होते. आणि खाली आलेलं छप्पर दाराला लागलं की दार तासत होते. चार वर्षं!

आता काम वाढलं. डोलकाठी खाली असतानाच हे करता येतं, एवढं एक बरं. गाडीचा हायड्रॉलिक जॅक, खाली-वर जाड फळ्या, आणि रोज दोन मिलिमीटर. एकदम उचललं तर फायबरग्लास चिरतं. रोज कामावरून सुटले की यार्ड, जॅकचे दोन दट्टे, कान देऊन आवाज ऐकायचा, घरी. सहाव्या दिवशी पट्टी छपरावर सपाट बसली. बारा मिलिमीटर. ठोकळ्याचा चोथा चमच्याने खरवडून काढला, तळ वाळवला, आणि नवा ठोकळा फायबरग्लासच्या जाड पत्र्याचे थर इपॉक्सीने चिकटवून केला. लाकूड तिथे पुन्हा नको. बेचक्याखालच्या छपरात प्लायवूड असतं, ते कुजलंय का पाहायला एक भोक पाडलं तर कोरडा भुसा निघाला. त्या महिन्यातली पहिली चांगली बातमी.

आणि इथे मी थोडक्यात वाचले. नव्या तारांची ऑर्डर आदल्याच आठवड्यात द्यायची होती, जुन्या मापाने. छप्पर बारा मिलिमीटर उचललं, म्हणजे डोलकाठीही तेवढी वर जाणार. जुन्या मापाच्या तारा पुरत नव्हत्या असं नाही, पण बॉटलस्क्रू टेकलेल्या अवस्थेतलं माप म्हणजे आजारी बोटीचं माप. मी पुन्हा मोजलं. जुनी तार शेडच्या भिंतीलगत खुंटीला अडकवून छोट्या कप्पीने ताणली, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत माप घेतलं, त्यात बारा मिलिमीटरचा हिशोब धरला, आणि नवा बॉटलस्क्रू अर्धा उघडा असेल अशी तारेची लांबी काढली. दोन्हीकडे फिरायला जागा हवी. प्रत्येक माप मी एकदा, लेकीने एकदा. दोन ठिकाणी आमचं जुळलं नाही आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती.

वरची टोकं रिगरच्या, म्हणजे डोलकाठीच्या तारा बसवणाऱ्या कारागिराच्या, कारखान्यात मशीनवर चेपून घेतली. खालची टोकं मी स्वतः बसवली, पाना घेऊन फिरवायच्या जोडांची. बाहेरच्या बारा सुतारा उलगडायच्या, आतल्या सातांवर एक बारीक शंकू सरकवायचा, बारा पुन्हा त्याच्याभोवती सारख्या अंतरावर बसवायच्या, वरून टोपण आवळायचं. सांगायला दोन ओळी. पहिला मी जुन्या तारेच्या तुकड्यावर करून पाहिला आणि उघडून बघितलं तर एक सुतार शंकूच्या खाचेत चिरडलेली. तिसऱ्या प्रयत्नाला जमला. दोन टोकं उरकायला एक अख्खी संध्याकाळ, पुढची सहा एका दुपारी. यांचा फायदा असा की दहा वर्षांनी उघडून आत बघता येतं. फोरस्टेला वर-खाली दोन्हीकडे टॉगल घातले, म्हणजे दोन्ही दिशांना मान हलवणारा सांधा, कारण पुढचं शीड त्या तारेला आडवं खेचतं आणि सांधा नसेल तर तार नळीच्या तोंडाशी रोज थोडी थोडी वाकते. जुन्याला वर टॉगल नव्हता. सगळं सामान साडेनऊशे पौंडांना पडलं, क्रेन वेगळी. रिगरने हेच दुपटीहून जास्त सांगितलं होतं, आणि प्रामाणिकपणे सांगते, त्याचे तास मोजले तर ते वाजवी होतं.

डोलकाठी उभी करताना तिच्याखाली नाणं ठेवायची इथे रीत आहे. रीत रोमनांइतकी जुनी. १९६२ मध्ये लंडनला ब्लॅकफ्रायर्सजवळ थेम्सच्या गाळात एक रोमन जहाज सापडलं, त्याच्या डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं काशाचं नाणं होतं, हातात सुकाणू धरलेल्या भाग्यदेवतेची बाजू वर करून ठेवलेलं. आमच्याकडे आईने कधीतरी ओटीत घातलेला रुपया होता, १९९२ नंतरचा, स्टेनलेस स्टीलचा. बुवांनी तांब्याचं पेनी नाणं पुढे केलं तर मी घाईने नको म्हटलं. तांबं आणि ॲल्युमिनियम, मधे खारं पाणी! चार दिवस त्या बोल्टशी झुंजलेल्या बाईला हे विचारू नये. रुपयालाही खाली-वर पिवळी पेस्ट फासली. लेकीने नारळ आणायचा हट्ट धरला होता. तो बोटीच्या फायबरग्लासवर न फोडता यार्डाच्या दगडावर फोडला आणि क्रेनवाल्यालाही खोबरं दिलं. त्याने विचारलं, हे खायचं का.

तारांना ताण द्यायला महागडं यंत्र मिळतं, पण दोन मीटरची घडीची पट्टी पुरते. पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटवायचं, खालचं मोकळं ठेवून तिथे तारेवर खूण करायची. तार ताणत गेलं की खूण पट्टीच्या खाली सरकते. दोन मीटरमागे एक मिलिमीटर सरकली की समजायचं, तार तुटायच्या भाराच्या पाच टक्के ताण आला. तार जाड असो की बारीक, हे एकोणीस सुतारांच्या तारेला लागू पडतं. कॅपवर तीन मिलिमीटर, पंधरा टक्के. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन. मग डोलकाठीच्या बुडाशी पाठ टेकून, गाल तिला चिकटवून, एक डोळा मिटून वर बघायचं की शिडाची खाच सरळ दिसते का. आमची मधे डावीकडे पोट काढत होती. लोअरनी ती सरळ केली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओहोटीबरोबर शीअरनेसपर्यंत गेलो. नैर्ऋत्येचा वारा, चौदा-पंधरा नॉट. शीअरनेसच्या बाहेर पाण्यातून तीन डोलकाठ्या वर आलेल्या दिसतात, एसएस रिचर्ड माँटगोमेरीच्या. दारूगोळ्याने भरलेलं हे जहाज १९४४ साली तिथे वाळूवर बसून दुभंगलं, आणि चौदाशे टन स्फोटकं अजून त्याच्या पोटात आहेत. भोवती बोयांचं, म्हणजे तरंगत्या खुणांचं, कुंपण, जवळ जायला बंदी. त्या डोलकाठ्यांचं वजन खालच्या जहाजावर पडू नये म्हणून त्या कापायच्या असं वर्षानुवर्षं चाललंय. लेक म्हणाली, "यांचं पण दार अडकलं असेल."

वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाचा कॅप किंचित डोलत होता. नवी तार बसतेय. जवळच्या क्वीनबरोला नांगर टाकून दोन्हीकडे एकेक फेरा दिला, येताना तो शांत होता. बॉटलस्क्रू अजून अर्धे उघडे. मी मार्करने नाही, खिळ्याने ओरखडा काढून खूण केली, आणि जूनमध्ये, जुलैमध्ये जाऊन पाहिलं. खूण जागेवर.

टॉयलेटचं दार आता अडकत नाही. उलट मी दोनदा तासलेल्या कडेवर अशी फट पडलीय की बोट डावीकडे कलली की कडी सुटते आणि दार धाडकन उघडतं. लेकीने तिथे रबरी दोरी लावलीय. आत बसलेल्या माणसाने ती हाताने धरून ठेवायची.